जाळ्यात आलेल्या पितळी सामानावरून बुडालेलं जहाज ओळखता येईल का?

वेसावकरीण

नमस्कार मंडळी. जुन्या बोटी, दीपगृहं, गोद्या यांवर इथे जाणकार लोक लिहितात, म्हणून विचारते.

आमची ट्रॉलर वेसाव्याची. पावसाळी बंदी उठल्यावर भाऊ समुद्रात गेला होता. बारा-चौदा वाव खोल पाण्यात जाळं जड झालं. ओढून वर घेतलं तर दोन जागी फाटलेलं, आणि मासळीच्या खाली तीन वस्तू.

एक पत्रा. चुरगळलेला, वरून हिरवट, घासलं तिथे पिवळसर-तांबूस. एक मिलिमीटरपेक्षा पातळ. कडेने खिळ्यांची भोकं, मधेही तिरक्या रांगेत भोकं. एक तुकडा तुटलेला आहे, पण शाबूत बाजूने रुंदी बरोबर १४ इंच भरते. त्यावर गोल शिक्का आहे. त्यातली इंग्रजी अक्षरं अर्धवट दिसतात: एन, टी, झेड, मग एस, आणि पुढे ‘पेटंट’ शब्दाची सुरुवात. मधोमध २४ हा आकडा.

दुसरी, जहाजाच्या गोल खिडकीची चौकट. बिजागरी आहे, काच अर्धी आहे. खूप जड.

तिसरी, हाताच्या पंज्याएवढी पितळी पट्टी, गोलाकार वाकलेली, कशावर तरी बसवलेली असावी अशी. तिच्यावर कोरलेलं आहे. सुरुवातीची अक्षरं गेलीत, शेवट ‘…म्सन्स पेटंट’ असा लागतो. खालच्या ओळीत ‘ग्लासगो’ स्पष्ट आहे. त्याखाली एक नंबर असावा, पण त्यावर चुन्यासारखा थर चढलाय.

घरात रोज वाद चाललाय. काका म्हणतात हे बुडालेल्या रामदास बोटीचं. आजीच्या मते विजळी बोटीचं, कारण तिच्या लहानपणी विजळीची गाणी म्हणायचे. आई म्हणते आधी चिंचेने घासून स्वच्छ कर, मग बघू. बाजारातून एक माणूस येऊन तिन्हीचे मिळून पैसेही सांगून गेला. मला विकायचं नाही. ते जहाज कुठलं, त्यावर कोण होतं, हे कळावं असं मनापासून वाटतं. आमच्या घरातलीही माणसं समुद्रात गेलेली आहेत.

एवढ्या सामानावरून काही सांगता येतं का?

माझगावचा फिटर

ताई, सगळ्यात आधी आईला थांबवा. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी नको. माझी सगळी हयात गोदीत जहाजांचं पितळ खोलण्यात आणि बसवण्यात गेली. समुद्राच्या तळाशी राहिलेलं पितळ मला चांगलं ठाऊक आहे. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याची भुसभुशीत जाळी उरते. वरून धड दिसतं, पण आंबट लावून घासलं की अक्षरांचा वरचा थर निघून जाईल आणि पुन्हा कधीच वाचता येणार नाही. तिन्ही वस्तू गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या टबात. लोखंडी बादलीत ठेवू नका. पाणी बदलत राहा म्हणजे आत मुरलेलं मीठ बाहेर पडेल. मीठ आत राहिलं आणि वस्तू सुकली, तर काही महिन्यांनी फिकट हिरवी पूड पडायला लागते आणि ती आतपर्यंत खात जाते.

आता पत्रा. तो शिक्का पाहूनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण हा पत्रा मी आयुष्यात फार थोड्यांदा हातात धरलाय. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज फ्रेडरिक मुंट्झ यांनी १८३२ मध्ये याचं पेटंट घेतलं. साठ भाग तांबं, चाळीस भाग जस्त. लाकडी जहाजाच्या बुडाला हा पत्रा ठोकत, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड आत शिरत नाही आणि शिंपल्यांचा थर चढत नाही. आधी शुद्ध तांब्याचा पत्रा लावत, हा त्याहून स्वस्त पडायचा. २४ म्हणजे एका चौरस फुटाचं वजन २४ औंस. पत्र्याचं नेहमीचं माप चार फूट लांब आणि १४ इंच रुंद. तुमची १४ इंच रुंदी म्हणूनच बरोबर जुळते.

पण ‘पेटंट’ शब्दावरून साल ठरवायला जाऊ नका. पेटंटची मुदत चौदा वर्षांची, ती १८४६ ला संपली. शिक्क्यावर मात्र तो शब्द पुढेही कित्येक वर्षं चालू राहिला. शिवाय हे पत्रे काही वर्षांनी झिजत, मग जहाज सुक्या गोदीत घेऊन जुने काढून नवे ठोकत. म्हणजे पत्र्याचं साल कळलं तरी ते जहाजाला शेवटचा पत्रा कधी लावला याचं साल असेल. जहाज बांधलं कधी, ते त्यावरून कळत नाही. आपल्याकडे वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली जहाजं बघा. १८१७ मधलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. इतक्या वर्षांत अशा जहाजाच्या बुडाचे पत्रे किती वेळा बदलले जात असतील!

मुंट्झचा पत्रा एक गोष्ट मात्र खात्रीने सांगतो. बुडाला बाहेरून लाकडी फळ्या होत्या. लोखंडी बुडाला तो थेट लावला तर खाऱ्या पाण्यात लोखंड बॅटरीसारखं झिजून जाईल. काही जहाजांचा सांगाडा लोखंडी आणि फळ्या लाकडी असत, त्यांनाही हा पत्रा चालत असे. लंडनला ग्रीनिचमध्ये ठेवलेलं ‘कटी सार्क’ असंच आहे, १८६९ चं.

म्हणून काका आणि आजी, दोघांनाही नम्रपणे सांगतो, निदान हा पत्रा त्यांच्या जहाजांचा नाही. ‘रामदास’ १९३६ ची आगबोट, पोलादी. ती १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, रेवसकडे जाताना काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. ती जागा बंदराच्या तोंडाशी, वेसाव्यापासून पार दक्षिणेला. ‘वैतरणा’, म्हणजे लोकांची विजळी, १८८५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रेंजमथला बांधलेली, तीही पोलादी. ८ नोव्हेंबर १८८८ ला मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे वादळात नाहीशी झाली.

आता ती पितळी पट्टी. माझ्या मते वाक्य असं असावं: ‘सर विल्यम थॉम्सन्स पेटंट’, आणि ग्लासगोच्या आधी ‘जेम्स व्हाइट’. हे होकायंत्राचं किंवा त्याच्या उभ्या पेटीचं सामान आहे. थॉम्सन म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झाले ते. होकायंत्राचं त्यांचं पेटंट १८७६ चं. लॉर्डपद मिळालं १८९२ ला, आणि त्यानंतर यंत्रांवर केल्विन हे नाव येऊ लागलं. म्हणजे नाव थॉम्सन असेल तर वस्तू साधारण १८७६ ते १८९२ या काळातली धरता येते. नुसत्या नावाच्या बदलावरून इतका अरुंद काळ हाती लागणं ही मोठी गोष्ट आहे.

आणि इथेच मोह होतो. वैतरणा १८८५ ची, पट्टीही त्याच काळातली, मग आजीचं खरं का मानू नये? कारण त्या काळात हे होकायंत्र शेकडो जहाजांवर होतं. साल जुळणं म्हणजे ‘असू शकेल’ एवढंच. त्यात होकायंत्र महाग, जहाज मोडीत निघालं तरी ते काढून दुसऱ्यावर लावत. तेव्हा जहाज १८७६ च्या आधी बुडालेलं नाही, एवढंच ती पट्टी ठामपणे सांगते. किती नंतर, हे ती सांगत नाही. तेही ती आणि पत्रा एकाच जहाजाचे असतील तर.

भावाला एक विचारा. जाळं किती वेळ ओढत होता?

दारूखाना

फिटरकाकांचा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे. ट्रॉल दोन-तीन तास ओढतात, ताशी तीन सागरी मैल धरले तरी सात-आठ मैलांचा तळ खरवडून निघतो. त्या वाटेत काय काय पडलं असेल, कोण सांगणार.

आमचं दुकान जहाजी सामानाचं. वडिलांच्या आधीपासून. दारूखान्यात जहाज तुटायचं, तिथून आम्ही सामान उचलायचो. १९८३ पासून गुजरातेत अलंगला जहाजांची तोडणी सुरू झाली, तेव्हापासून बराचसा माल तिकडून ट्रकने येतो. खिडक्या, दिवे, टेलिग्राफ, घंटा, होकायंत्रं. हे सामान इथून मढ, मनोरी, उरण, अलिबाग, सगळीकडे गेलंय. लाँचवाल्यांनी घेतलं, हॉटेलवाल्यांनी घेतलं, बंगल्यांत गेलं. मुंबईच्या समुद्रात पितळी खिडकी सापडली म्हणून तिथे जहाज बुडालं असं होत नाही, ताई. आमचाच माल एखाद्या लाँचवरून पडलेला असू शकतो.

खिडकीचा फोटो टाका, खासकरून बाहेरच्या कड्याचा. कड्याला गोल भोकं असतील तर ती बोल्टने किंवा रिव्हेटने लावलेली. भोकं नसतील आणि मागे लोखंडी कडं असेल तर ती वेल्डिंगने बसवलेली, म्हणजे साधारण दुसऱ्या महायुद्धापासून पुढची. बिजागरीची पिन बघा, घट्ट करायचे कान किती आहेत ते मोजा. काचेच्या कडेला कोपऱ्यात बारीक शिक्का असेल तर तोही बघा.

नकली मालाबद्दलही सांगतो, कारण लोक फसतात. मुरादाबाद आणि रुडकीला पितळी जहाजी वस्तू नव्या बनतात. सुंदर काम करतात ते कारागीर, आणि नवी म्हणून विकली तर त्यात काही वाईट नाही. पण पुढे कोणीतरी तेजाब मारून हिरवी करतो, लंडनच्या जुन्या कंपनीचं नाव आणि एखादं साल कोरतो आणि शंभर वर्षांची म्हणून विकतो. ओळखायचं कसं? वजन कमी असतं. स्क्रू आजच्या मापाचे असतात. हिरवा रंग सगळीकडे सारखा असतो, खऱ्या वस्तूत हात लागायचा तिथे झीज आणि खाचेत काळपटपणा असतो. तुमची पट्टी समुद्रातून आली, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण त्या माणसाला विकू नका. तो नेमकी हीच वस्तू पॉलिश करून काचेच्या पेटीत ठेवेल आणि तुमची जागा, तुमची गोष्ट, सगळं पुसलं जाईल. मी स्वतः विकणारा आहे, तरी सांगतो.

कागदातली गलबतं

दोघांनीही मुद्द्याचं सांगितलंय. मी कागदांच्या बाजूने लिहिते, तेच माझं रोजचं काम आहे.

सामानावरून जहाज ओळखताना मी आधी एकच गोष्ट बघते. वस्तू जहाजाच्या अंगाला जोडलेली होती, की माणसाबरोबर आली होती? याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे १९९१ मध्ये समुद्रात बुडी मारणाऱ्यांना एक जर्मन पाणबुडी सापडली. कागदोपत्री तिथे कोणतीच पाणबुडी नव्हती. आत एका सुरीच्या मुठीवर खलाशाचं नाव कोरलेलं मिळालं: होरेनबर्ग. हा माणूस यू-८६९ वर होता, पण यू-८६९ जिब्राल्टरकडे बुडाल्याची नोंद होती. सुरी माणसाच्या खिशातून कुठेही जाऊ शकते, म्हणून शोधणारे त्यावर थांबले नाहीत. १९९७ मध्ये आतल्या सुट्या भागांच्या पेटीवरची पट्टी मिळाली, तिच्यावर पाणबुडीचा क्रमांक होता. तेव्हा ती यू-८६९ ठरली आणि जुनी नोंद चुकीची निघाली. त्या शोधात बुडी मारणाऱ्या तिघांचे जीवही गेले. नाव कळावं म्हणून माणसं किती किंमत मोजतात!

घंटा मिळाली तर उत्तमच. ‘व्हिडा’ या चाच्यांच्या जहाजाची ओळख १९८५ मध्ये घंटेवरूनच पक्की झाली, तिच्यावर जहाजाचं नाव आणि १७१६ हे साल होतं. पण जहाजाचं नाव बदललं तरी पुष्कळदा जुनी घंटा तशीच ठेवत, त्यामुळे घंटेवरचं नाव जहाजाचं पहिलं नाव असू शकतं.

कोरलेल्या सालाबद्दल आपल्या जवळचं उदाहरण देते. गोव्याच्या सेंट जॉर्ज रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना बुडालेल्या जहाजातला विटा-कौलांचा माल मिळाला. त्यावर बासेल मिशनच्या कौल कारखान्याचं नाव आणि १८६५. वाचणाऱ्याला वाटेल जहाज १८६५ ला बुडालं. पण मंगळूरचा तो कारखानाच १८६५ मध्ये सुरू झाला, आणि ते साल मालावर कारखान्याच्या नावाबरोबर येत असे. जहाज त्यानंतर कधीतरी बुडालं, एवढाच अर्थ. बाकी मालाचा अंदाज घेऊन संशोधकांनी ते एकोणिसाव्या शतकातलं ठरवलं.

ब्रिटिश नोंदणीच्या जहाजांसाठी सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे अधिकृत क्रमांक. १८५४ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानंतर प्रत्येक नोंदणीकृत जहाजाला स्वतंत्र क्रमांक मिळू लागला. जहाजाचं नाव बदलो, मालक बदलो, क्रमांक तोच. तो आणि जहाजाचं नोंदणीचं टनभार मुख्य तुळईवर कोरावं लागे. मुंबईत नोंदलेली जहाजंही याच मालिकेत येतात. तुळईचा तो तुकडा सापडला तर शोध एका संध्याकाळीत संपतो, क्रमांकावरून जहाज शोधायच्या याद्या आता घरबसल्या बघता येतात. नांगरही बोलतो. १८६४ च्या कायद्याने नांगर आणि साखळदंड यांची ताकद तपासून त्यावर छाप मारणं आलं, त्यामुळे नांगराच्या दांड्यावर तपासणीची खूण आणि प्रमाणपत्राचा क्रमांक असू शकतो. नांगर दिसला तर वर काढू नका, त्याचा फक्त फोटो हवा.

पट्टीवरचा नंबर होकायंत्राचा अनुक्रमांक असणार, जहाजाचा नाही. तरी जपून ठेवा. ग्लासगोच्या कारखान्याचे कागद बघायला मिळाले आणि त्यात तो नंबर कोणाला विकला याची नोंद असली, तर काळ आणखी अरुंद होईल.

कायद्याचंही थोडं. समुद्रात सापडलेलं जहाजाचं सामान सापडणाऱ्याचं आपोआप होत नाही. ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. मुंबईत नेमका तो अधिकार कोणाकडे, हे मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटच्या कार्यालयात विचारा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो. घाबरायचं काही नाही, पण लेखी कळवलेलं असावं.

वेसावकरीण

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आईला फिटरकाकांचं उत्तर वाचून दाखवलं. तिन्ही वस्तू टबात आहेत.

खिडकीच्या कड्याला भोकं नाहीत. मागे गंजलेल्या लोखंडाचा वेढा आहे. दारूखानावाले भाऊ म्हणतात तशी ती वेल्डिंगची निघाली. म्हणजे ती वेगळीच.

भावाने जीपीएसवरचा त्या फेरीचा माग काढून दिला. जाळं अडीच तास ओढलं. दोन ठिकाणी जाळं धरलं गेल्याचं त्याला आठवतं, दोन्ही जागांची वेळ त्याने सांगितली आणि मागावर खुणा केल्या. यांतली एक जागा बाबांच्या वहीत आहे! बाबा जीपीएसच्या आधीच्या काळातले. किनाऱ्यावरचे डोंगर आणि इमारती एका रेषेत धरून जागा लिहून ठेवायचे. त्या जागेपुढे त्यांनी लिहिलंय: ‘जाळं टाकू नये’. आजोबांनी त्यांना सांगितलेली जागा. बाबा म्हणाले, एकदा तिथे जाळ्यात लाकडाचा मोठा तुकडा आला होता, काळा आणि दगडासारखा जड, तो त्यांनी परत टाकून दिला. दुसऱ्या जागेबद्दल वहीत काही नाही.

झवेरी बाजारात सोनं तपासायचं एक्स-रे यंत्र असतं, तिथे ओळखीतून पत्रा नेला. आधी वरच्या थरात तांबं खूपच जास्त दाखवत होतं. मग तुटक्या कडेला बारीक खरवडून बघितलं तर तांबं ६१ टक्के, जस्त साडेअडतीस.

आणि रात्री दिवे बंद करून टॉर्च आडवा धरला तेव्हा पट्टीवर ‘थॉ’ची अक्षरं नीट दिसली. नंबराचे शेवटचे दोन आकडे ४ आणि ७ वाटतात. थर अजून तसाच आहे, मी हात लावलेला नाही.

आता पुढे काय करू?

माझगावचा फिटर

ताई, तुमच्या बाबांची वही ही या सगळ्यात मोलाची वस्तू आहे. पितळ कितीही बोललं तरी जागेशिवाय त्याला अर्थ नाही. त्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि वही जपा.

खरवडलेल्या कडेचं माप साठ-चाळीसच्या अगदी जवळ आहे, पत्रा मुंट्झचाच. वरच्या थरात तांबं जास्त दिसलं ते जस्त निघून गेल्यामुळे. तुम्ही आत खरवडून बघितलंत हे फार चांगलं केलंत, नाहीतर कोणीतरी तो शुद्ध तांब्याचा, म्हणजे आणखी जुना, असं सांगून मोकळा झाला असता.

आता माझा अंदाज. बाबांच्या जागेवर लाकूड आहे, मुंट्झचा पत्राही लाकडी बुडाचाच. हे दोन्ही एकमेकांना धरून आहेत, तेव्हा तिथे लाकडी किंवा लोखंडी सांगाड्याचं लाकडी जहाज आहे असं मानायला जागा आहे. खिडकी वेल्डिंगच्या काळातली, ती बाजूला ठेवा. पट्टीचं मात्र मला ठरवता येत नाही. लाकडी जहाजाचीच असेल तर जहाज १८७६ नंतर बुडालं, आणि त्या काळात सुएझ कालवा उघडून आगबोटींची गर्दी झाली होती, म्हणजे मुंबईकडे येणारी लाकडी जहाजं आधीपेक्षा कमी. शोधायची यादी छोटी होते. पण पट्टी दुसऱ्या जागेवरून आली असेल तर सगळा हिशोब बदलतो. मग लाकडी जहाज कितीतरी जुनं असू शकतं. १८४० च्या जूनमध्ये ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ आणि ‘लॉर्ड कॅसलरे’ ही जहाजं मुंबईजवळ पावसाळी वादळात फुटली, त्यांत सैनिक होते. ती कुलाब्याकडची, तुमची नव्हेत. पण त्या काळी अशी आणखी जहाजं इथे येत होती, आणि प्राँग्सचं आणि खांदेरीचं दीपगृह त्यांच्या नशिबात नव्हतं, ती पुढची.

म्हणून एक साधी तपासणी. पट्टीला मागे काय चिकटलंय ते बघा. पत्र्याच्या खाचांत जी माती, वाळू, शिंपले असतील तसेच पट्टीच्या मागे आहेत का? चिखल काळा आणि बारीक, की जाड रेती? दोन्हींमधली माती वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर नाव लिहा. तळ दोन जागी सारखा नसतो, तुमच्या भावाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यालाच बोटात चोळून बघू दे.

पत्र्याच्या भोकांत एखादा खिळा अडकलाय का, तेही बघा. खिळा मिळाला तर काढू नका, आहे तिथेच राहू दे. आणि पत्र्यावर किंवा पट्टीवर कुठे तीन रेघांचं बाणाचं टोक कोरलेलं दिसतं का? ते असेल तर माल ब्रिटिश सरकारचा, आणि मग शोध खासगी जहाजांऐवजी सरकारी जहाजांत घ्यायचा.

दारूखाना

खिडकी वेगळ्या जहाजाची असली तरी टाकू नका. काचेवरचा शिक्का वाचता आला तर मला पाठवा, आमच्याकडे जुन्या काचा आहेत, मिळवून बघतो. आणि पुढच्या वेळी त्या वहीतल्या जागेजवळ जाळं धरलं तर भावाला सांगा, जोर लावून ओढू नका. आधी बोट मागे घेऊन सोडवायचा प्रयत्न करा. जाळंही वाचेल, खालचंही वाचेल.

कागदातली गलबतं

ताई, जागेचे अक्षांश-रेखांश इथे उघड टाकू नका. दोन्ही जागा भारतीय नौदलाच्या जलसर्वेक्षण नकाशावर पडताळा. बुडालेल्या जहाजांच्या खुणा त्यावर असतात, ते कार्यालय डेहराडूनला आहे. नकाशावर खूण नसेल तर तुमच्या बाबांची वही हीच त्या जागेची पहिली नोंद ठरेल, मग राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागाला गोव्याला लिहा. त्यांच्याकडे ध्वनिलहरींनी तळ बघायची साधनं आहेत, पाण्यात उतरणारे लोक आहेत.

कागदांचं काम आपण दोघी मिळून करू. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य अभिलेखागार आहे, तिथे मुंबई सरकारच्या सागरी खात्याची दप्तरं आहेत. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे जुनी वर्तमानपत्रं आहेत. त्यांत जहाजांच्या आगमनाच्या याद्या छापत, आणि जून ते सप्टेंबरच्या अंकांत अपघातांच्या बातम्या जास्त. आपण आधी १८७६ पासून पुढे बघू. वेसावे, मढ, वसई ही नावं इंग्रजीत त्या काळी वेगवेगळ्या स्पेलिंगने येत, ती सगळी मी लिहून आणते. तुम्ही बाबांना एक विचारून ठेवा. तो लाकडाचा तुकडा आला तेव्हा त्याला खिळे होते का, आणि असले तर ते लोखंडाचे होते की पिवळे?

वेसावकरीण

बाबांना आत्ताच विचारलं. म्हणाले, पिवळे होते, आणि लाकडात आरपार गेलेले, अंगठ्याएवढे जाड. पट्टीच्या मागची माती काळी बारीक आहे. पत्र्यातल्या मातीत मात्र शिंपल्यांचा चुरा आहे. भाऊ दोन्ही बोटात चोळून म्हणाला, एका जागेची नाही.

माझगावचा फिटर

मग यादी १८७६ पासून सुरू करू नका. पत्र्याचं पेटंट १८३२ चं, तिथपासून बघा. आणि अंगठ्याएवढे पिवळे बोल्ट आरपार म्हणजे फळ्या सांगाड्याला तांब्याच्या मिश्रधातूने जोडल्या होत्या. मुंट्झचा पत्रा लावायचा तर लोखंडी बोल्ट चालत नसत, ते झिजून जात. बाबांची आठवण पत्र्याशी जुळते. ती मोठी जहाजं असत, लांबच्या सफरीची. पट्टीसाठी दुसऱ्या जागेचा वेगळा कागद करा, ती लोखंडी आगबोटही असू शकते. आजीला सांगा, तिचा प्रश्न अजून संपलेला नाही, पण विजळीची जागा इथून फार उत्तरेला आहे.